लिपेमिया आणि रक्तचाचणीतील विक्रियाकारक

लिपेमिया म्हणजे रक्तात मेदकण साचल्यामुळे रक्तरस (सीरम) किंवा रक्तद्रव (प्लाझ्मा) गढूळ अथवा दुधाळ होण्याची अवस्था होय. निरोगी व्यक्तीचे उपाशीपोटी घेतलेले रक्त परीक्षानळीत स्थिर ठेवले असता वर फिकट पिवळा, पारदर्शक द्रव राहतो. ट्रायग्लिसराइड या मेदाचे प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हा द्रव धूसर दिसू लागतो. तेच प्रमाण हजारांच्या घरात पोहोचले की नळीत दूधच ओतले आहे असे वाटते. रक्ताच्या बहुसंख्य रासायनिक चाचण्या द्रवातून पार जाणारा प्रकाश मोजून केल्या जातात. त्यामुळे असा नमुना हाती आला की मोजमापच डळमळीत होते. ज्या मेदामुळे रुग्णाला आजार होण्याचा संभव असतो, तोच मेद त्या आजाराचे निदान करणाऱ्या चाचणीच्या आड येतो. यावर मात करण्यासाठी चाचणीतील विक्रियाकारकांची, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतील रिएजंटांची, घडण गेल्या अर्धशतकात पुष्कळ बदलली आहे.

संज्ञा आणि स्वरूप

मेद या अर्थाचा 'लिपोस' आणि रक्त या अर्थाचा 'हैमा' या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. लिपेमिया आणि हायपरलिपिडेमिया हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. हा वापर काटेकोर नाही. हायपरलिपिडेमिया म्हणजे रक्तातील कोणत्याही मेदाची वाढ. लिपेमिया म्हणजे डोळ्यांना किंवा यंत्राला जाणवणारा गढूळपणा. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरॉलेमिया या आनुवंशिक विकारात कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत गेलेले असले तरी रक्तरस स्वच्छ दिसू शकतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण अवघे २० ते २५ नॅनोमीटर व्यासाचे असतात आणि दृश्य प्रकाशाला ते फारसे अडवत नाहीत. रक्तरस स्वच्छ आहे, सबब कोलेस्टेरॉलही ठीक असणार, हा तर्क म्हणूनच फसवा ठरतो.

गढूळपणा येतो तो ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या मोठ्या कणांमुळे. जेवणातील मेदापासून आतड्यात तयार होणाऱ्या कायलोमायक्रॉन कणांचा व्यास सुमारे ७० ते १००० नॅनोमीटर असतो, तर यकृतात तयार होणाऱ्या व्हीएलडीएल कणांचा सामान्यतः ३० ते ८० नॅनोमीटर. हे दोन्ही प्रकार ओळखण्याची एक जुनी रीत आहे. रक्तरस ४ अंश सेल्सिअस तापमानाला रात्रभर स्थिर ठेवावा. सकाळी वर साय धरलेली दिसली, तर कायलोमायक्रॉन आहेत. साय न धरता सारा द्रव सारखाच गढूळ राहिला, तर व्हीएलडीएल वाढलेले आहेत. साय आणि खाली गढूळ द्रव असे एकत्र दिसले, तर दोन्ही आहेत. या चाचणीला विक्रियाकारकाचा एक थेंबही लागत नाही.

नमुना दुधाळ असण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे जेवणानंतर लगेच घेतलेले रक्त. याखेरीज अनियंत्रित मधुमेह, मद्यपान, अवटू ग्रंथीची मंदता, मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक विकार, इस्ट्रोजेनसारखी काही औषधे आणि शिरेवाटे दिले जाणारे मेदपायस ही कारणे असतात. लायपोप्रोटीन लायपेज या विकराचा जन्मजात अभाव असणाऱ्या व्यक्तींचा रक्तरस उपाशीपोटीही दुधाळ राहतो. बारा तासांच्या उपवासाचा उपाय त्यांच्या बाबतीत उपयोगी पडत नाही.

इतिहास

दुधाळ रक्ताची नोंद आधुनिक रसायनशास्त्राहून जुनी आहे. शिरांमध्ये रक्ताऐवजी दूध आढळल्याचे रॉबर्ट बॉइल यांचे निवेदन १६६५ साली लंडनच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या काळी त्याचा उलगडा होणे शक्य नव्हते. १९४३ साली पॉल हान यांनी दाखवून दिले की जेवणानंतर दुधाळ झालेले कुत्र्याचे रक्त हेपारिन टोचल्यावर स्वच्छ होते. रक्तवाहिनीच्या भित्तीवरील लायपोप्रोटीन लायपेज हेपारिनमुळे मोकळे होऊन मेद पचवते, हे पुढे उमगले. स्वीडनमधील थेओडोर स्वेडबर्ग यांनी १९२०च्या दशकात अतिवेगवान केंद्रोत्सारक बनवला होता. त्याच्या साहाय्याने अमेरिकेत बर्कले येथे जॉन गॉफमन यांनी मेदकणांचे त्यांच्या घनतेनुसार वर्गीकरण केले, आणि मेदाच्या अभ्यासाला आजचे रूप आले.

दैनंदिन चाचण्यांची वाटचाल मात्र निराळी होती. कोलेस्टेरॉल मोजण्यासाठी दीर्घकाळ लिबरमान–बुर्खार्ड विक्रिया वापरली जाई. तीत ॲसेटिक अनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणाने हिरवा रंग येत असे. हे मिश्रण दाहक होते, ते बनवताना आणि टाकून देताना सारखीच धास्ती असे. १९७४ साली चार्ल्स अलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉलसाठी पूर्णतः विकरांवर आधारलेला विक्रियाकारक प्रसिद्ध केला, तेव्हा आम्लाची बाटली हळूहळू टेबलावरून हटली. ट्रायग्लिसराइडसाठी फोसाती आणि प्रेन्चिपे यांची अशीच रंगविक्रिया १९८२ साली आली.

चाचणीत येणारे अडथळे

पहिला अडथळा प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा. मेदकणांवर आदळून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि पलीकडच्या शोधकापर्यंत कमी पोहोचतो. यंत्राला वाटते की तो रंगात शोषला गेला. तरंगलांबी जितकी आखूड तितके प्रकीर्णन अधिक. यकृताच्या एएलटी आणि एएसटी या चाचण्या ३४० नॅनोमीटरला, म्हणजे अतिनील टोकाला, वाचल्या जातात; त्यामुळे त्यांना याचा जाच मोठा. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारख्या काही चाचण्या तर प्रतिपिंडामुळे निर्माण होणारा गढूळपणाच मोजतात. नमुना मुळातच गढूळ असेल, तर चाचणीने निर्माण केलेला गढूळपणा कोणता आणि मेदाचा कोणता, हे वेगळे काढणे कठीण जाते. रक्त गोठण्याचा काळ प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारी यंत्रेही याच कारणाने अडतात. गोठण्याची क्रिया यांत्रिक पद्धतीने टिपणाऱ्या यंत्रांना हा त्रास होत नाही.

दुसरा अडथळा जागेचा. निरोगी रक्तद्रवात सुमारे ९३ टक्के पाणी असते, उरलेली जागा प्रथिने व मेद व्यापतात. सोडियम असते ते केवळ पाण्याच्या भागात. समजा, एक लिटर रक्तद्रवात १४० मिलिमोल सोडियम आहे, तर त्यातील पाण्यात ते लिटरला सुमारे १५० मिलिमोल या संहतीने असते. मेद वाढून पाण्याचा वाटा ८० टक्क्यांवर आला, तरी पाण्यातील संहती तीच राहते आणि शरीराच्या दृष्टीने सोडियम बिघडलेले नसते. परंतु नमुना आधी सौम्य करून मोजणारे यंत्र पूर्ण आकारमानाचा हिशेब धरते आणि १२० असा आकडा छापते. याला आभासी सोडियमन्यूनता म्हणतात. असा आकडा खरा मानून रुग्णाला तीव्र मिठाचे द्रावण शिरेतून दिले, तर जिवावर बेतू शकते. हा दोष विक्रियाकारकाचा नसल्याने कोणत्याही विक्रियाकारकाने तो जात नाही. नमुना सौम्य न करता थेट विद्युदग्राने मोजणे, अथवा आधी मेद काढून टाकणे, हेच मार्ग उरतात. रक्तातील वायू मोजणारी यंत्रे थेट पद्धतीने मोजतात, म्हणून संशय आल्यास त्यांवर पडताळा घेता येतो.

तिसरा अडथळा साधा आहे, पण नजरेतून सुटतो. केंद्रोत्सारकातून काढलेल्या नळीत मेद वर तरंगतो. यंत्राची सुई किती खोल शिरली यावर तिने साय ओढली की खालचा द्रव, हे ठरते. एकाच नळीतून दोनदा घेतलेल्या नमुन्यांचे आकडे त्यामुळे जुळत नाहीत.

विक्रियाकारकांची घडण

गढूळ नमुन्यांसाठी पूर्वी एकच उपाय होता: नमुन्याची वेगळी कोरी चाचणी करायची आणि तिचे वाचन वजा करायचे. विक्रियाकारक दोन भागांत विभागण्याच्या रीतीमुळे हे काम सोपे झाले. पहिल्या भागात आम्लता स्थिर राखणारे द्रावण, पृष्ठक्रियाकारक आणि काही उत्पादनांत लायपेज विकर असते. नमुना त्यात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवला की पृष्ठक्रियाकारक मेदकणांचे आवरण सैल करतो, लायपेज त्यांतील ट्रायग्लिसराइडचे विच्छेदन करते आणि द्रव बराचसा निवळतो. तेव्हा यंत्र पहिले वाचन घेते. त्यानंतर दुसरा भाग पडतो आणि खरी विक्रिया सुरू होते. दोन वाचनांतील फरकच विचारात घेतल्यामुळे आधीपासून असलेला गढूळपणा हिशेबातून निसटतो. पृष्ठक्रियाकारक धुण्याच्या साबणाच्या कुळातला असला, तरी येथे विद्युत्भाररहित प्रकार निवडला जातो, कारण भारित प्रकार विकरांचीच घडी विस्कटतात.

याच्या जोडीला दुहेरी तरंगलांबीचे मापन येते. एक तरंगलांबी विक्रियेच्या रंगाची आणि दुसरी जवळचीच, जिथे रंग नसतो पण गढूळपणा जाणवतो. दोन्ही लांबींवर प्रकीर्णन तंतोतंत सारखे नसते. त्यामुळे ही वजाबाकी मध्यम गढूळपणापर्यंत पुरते, साय धरणाऱ्या नमुन्यात नाही. रंग उमटण्याचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांनाही काहीसे संरक्षण मिळते, कारण स्थिर गढूळपणा वेगात धरला जात नाही. मात्र विक्रिया चालू असताना द्रव निवळत राहिला, तर वेगही चुकतो. मेद निवळवणारा घटक जलद काम करणारा हवा, ही अपेक्षा यातूनच आली.

मेदाच्याच चाचण्या

ट्रायग्लिसराइडच्या विक्रियाकारकात चार विकरांची साखळी असते. लायपेज ट्रायग्लिसराइडपासून ग्लिसरॉल मोकळे करते. ग्लिसरॉल कायनेज त्याला फॉस्फेट जोडते. तिसरे विकर त्याचे ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. शेवटी पेरॉक्सिडेज हे ४-अमिनोअँटिपायरीन व फिनॉल यांपासून गुलाबी-लाल रंग तयार करते. हा शेवटचा टप्पा ट्रिंडर विक्रिया म्हणून ओळखला जातो, पी. ट्रिंडर यांनी तो १९६९ साली ग्लुकोजच्या चाचणीसाठी सुचवला होता. कोलेस्टेरॉलच्या चाचणीतही शेवट हाच.

या साखळीत एक खोट आहे. तिला ट्रायग्लिसराइडमधून सुटलेले ग्लिसरॉल आणि रक्तात आधीपासून मोकळे असलेले ग्लिसरॉल यांत फरक करता येत नाही. ग्लिसरॉल कायनेजचा जन्मजात अभाव असणाऱ्यांच्या रक्तात ग्लिसरॉल साचते, आणि अहवालात ट्रायग्लिसराइड अवाच्या सव्वा दिसते. रक्तरस मात्र काचेसारखा स्वच्छ असतो. आकडा मोठा आणि नळी स्वच्छ, ही विसंगती ज्याने नळी पाहिली त्यालाच कळते. आधी मोकळे ग्लिसरॉल संपवून मग मोजणारे विक्रियाकारक उपलब्ध आहेत, परंतु ते सर्रास वापरले जात नाहीत.

दुसरी मर्यादा क्षमतेची. बाटलीतील विकरे व रंगद्रव्य ठरावीक मेदापुरतीच पुरतात. अनेक उत्पादनांत ही सीमा दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यापुढे विक्रियाकारक संपतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. अशा वेळी नमुना मिठाच्या पाण्याने सौम्य करून पुन्हा मोजावा लागतो आणि आलेला आकडा तितक्या पटीने गुणावा लागतो.

एचडीएल कोलेस्टेरॉल पूर्वी फॉस्फोटंगस्टिक आम्ल आणि मॅग्नेशियम घालून काढले जाई. इतर मेदकणांचा साका तळाशी बसे आणि वरच्या स्वच्छ द्रवात एचडीएल मोजले जाई. नमुना फार मेदाळ असला की साका हलका होऊन तळाशी बसण्याऐवजी तरंगे आणि सारी मेहनत वाया जाई. १९९५ साली जपानमधील सुगियुची व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेली विकरे आणि सल्फेटयुक्त अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन वापरून साका न पाडता थेट एचडीएल मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या स्वयंचलित यंत्रांतील थेट पद्धती त्याच धाटणीच्या आहेत.

एलडीएल पुष्कळ ठिकाणी मोजले जात नाही, त्याचे गणित केले जाते. फ्रीडेवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिक्सन यांनी १९७२ साली दिलेल्या सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या पुढे असेल, तर हे सूत्र लावू नये, असे त्याच लेखात म्हटले आहे. संगणक मात्र सांगितले नसेल तर थांबत नाही आणि कधी कधी एलडीएल ऋण संख्येतही छापतो. २०१३ सालचे मार्टिन–हॉपकिन्स सूत्र आणि ८०० मिलिग्रॅमपर्यंत चालणारे २०२० सालचे सॅम्पसन सूत्र हे त्यावरील नंतरचे उपाय होत.

मेद काढून टाकण्याच्या पद्धती

विक्रियाकारकाची सहनशक्ती संपली की नमुन्यातूनच मेद काढावा लागतो. यासाठी अतिवेगवान केंद्रोत्सारक सर्वोत्तम मानला जातो. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे लाखपट बलाने मेद वर ढकलला जातो आणि खालून स्वच्छ द्रव काढता येतो. हे यंत्र महाग असल्याने मोठ्या संस्थांतच आढळते. दहा ते पंधरा हजारपट बल देणारा छोटा केंद्रोत्सारक पंधरा मिनिटे चालवूनही बऱ्याच चाचण्यांपुरते काम भागते. नेहमीचा टेबलावरचा केंद्रोत्सारक साय वर आणतो, पण व्हीएलडीएलचा गढूळपणा त्याने हटत नाही.

यंत्राऐवजी रसायन वापरण्याची रीतही आहे. मेद निवळवणारे विक्रियाकारक म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल, डेक्स्ट्रान सल्फेट, अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन आणि काही विद्युत्भाररहित बहुवारिके वापरली जातात. नमुन्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळून काही मिनिटे ठेवायचे आणि फिरवून मेद अलग करायचा. पूर्वी ट्रायक्लोरोट्रायफ्लुओरोएथेन या फ्रिऑन वर्गातील द्रावकानेही मेद काढत असत. ओझोन थराला घातक ठरणाऱ्या पदार्थांवर १९८७ सालच्या माँट्रिअल कराराने बंधने आणल्यावर तो मागे पडला.

या सर्व रसायनांबाबत एक सावधगिरी अटळ आहे. मेदाबरोबर ती इतर काही घटकही ओढून नेतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल प्रथिनांचाही साका पाडते, त्यामुळे प्रथिने आणि प्रतिपिंडे यांच्या चाचण्यांना ते चालत नाही. काही निवळकांनी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचे आकडे घटतात. मेदात विरघळणारी औषधे व संप्रेरके मेदाबरोबरच निघून जातात. निवळलेल्या नमुन्यात कोलेस्टेरॉल वा ट्रायग्लिसराइड मोजण्यात अर्थ नाही, हे तर उघडच आहे. त्यांसाठी मूळ नमुना राखून ठेवावा लागतो. कोणत्या चाचणीला कोणता निवळक चालतो, हे प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर पडताळून पाहावयाचे असते.

हिमोग्लोबिन

हिमोग्लोबिन मोजताना रक्तरस वेगळा केला जात नाही, म्हणून येथे निवळकाचा उपयोग होत नाही. ड्रॅबकिन विक्रियाकारकात रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिनचे सायनमेटहिमोग्लोबिन होते आणि ते ५४० नॅनोमीटरला वाचतात. मेदाचा गढूळपणा त्यात भर घालतो आणि रक्तक्षय असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन भरपूर दिसू शकते. सोडियम लॉरिल सल्फेट वापरणाऱ्या नव्या पद्धतीत हा परिणाम कमी होतो, नाहीसा होत नाही.

चूक पकडण्याची खूण अहवालातच असते. पेशींमधील हिमोग्लोबिनची सरासरी संहती, म्हणजे एमसीएचसी, दर डेसिलिटरला ३६ ग्रॅमच्या वर सहसा जात नाही. समजा, हिमोग्लोबिन १५.८ ग्रॅम आणि पेशींचे आकारमान ३६ टक्के आले, तर एमसीएचसी जवळपास ४४ होते. हा आकडा शरीरात संभवत नाही. अशा वेळी केवळ रक्तद्रव यंत्रात घालून त्याचे 'हिमोग्लोबिन' वाचतात. ते ५.२ आले, तर रक्तातील रक्तद्रवाचा वाटा ६४ टक्के धरून ३.३ वजा करावयाचे. खरे हिमोग्लोबिन १२.५ ठरते आणि एमसीएचसी ३४.६ वर येऊन बसते.

स्वादुपिंडदाह

ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास तीव्र स्वादुपिंडदाहाचा धोका वाढतो. पोटात असह्य कळा येणाऱ्या अशा रुग्णाचे रक्त तपासले जाते ते ॲमिलेज या विकरासाठी. तेच नेमके सामान्य येण्याचा संभव असतो. ही गोष्ट १९७०च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहे. दुधाळ रक्तात ॲमिलेजच्या कार्याला रोखणारा घटक असतो, असे त्यावरून मानले जाते. नमुना मिठाच्या पाण्याने टप्प्याटप्प्याने सौम्य करत गेल्यास त्या घटकाचा जोर ओसरतो आणि गुणून काढलेला आकडा वाढत जातो. लायपेजची चाचणी याला तुलनेने कमी बळी पडते. नमुना दुधाळ होता, ही एक ओळ अहवालावर असेल तर डॉक्टर सामान्य ॲमिलेजवर विसंबत नाहीत. ती नसेल तर रुग्ण घरी पाठवला जाऊ शकतो.

लिपेमिया निर्देशांक

गढूळपणा डोळ्यांनी ठरवण्यात माणसागणिक फरक पडतो. म्हणून मोठी यंत्रे नमुना मिठाच्या पाण्यात मिसळून ६६० ते ७०० नॅनोमीटरच्या आसपास वाचन घेतात आणि लिपेमिया निर्देशांक देतात. हा निर्देशांक इंट्रालिपिड या सोयाबीन तेलाच्या पायसाशी तुलना करून ठरवतात. शिरेवाटे पोषण देण्यासाठी स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ते प्रचारात आणले. विक्रियाकारकांच्या माहितीपत्रकात 'अमुक इतक्या इंट्रालिपिडपर्यंत अडथळा नाही' असे लिहिलेले असते, ते याच पायसाच्या प्रयोगांवरून. पायसातील थेंब आणि रुग्णाचे मेदकण यांचे आकार सारखे नसल्याने प्रत्यक्ष नमुना त्या हमीप्रमाणे वागेलच असे नाही. निर्देशांक म्हणजे ट्रायग्लिसराइडचे प्रमाण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

भारतातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचा पहिला टप्पा तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. त्याचे मेदविषयक निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत वाढलेले ट्रायग्लिसराइड २९.५ टक्के, तर वाढलेले कोलेस्टेरॉल १३.९ टक्के व्यक्तींत आढळले. गढूळपणा ट्रायग्लिसराइडमुळे येत असल्याने हा क्रम येथील प्रयोगशाळांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेत बहुधा अर्धस्वयंचलित यंत्र असते. त्यात विक्रियाकारक हाताने मिसळतात आणि लिपेमिया निर्देशांकाची सोय सहसा नसते. तेथे नळी उजेडात धरून पाहणारा तंत्रज्ञच निर्देशांकाचे काम करतो. नमुना सौम्य करणे, कोरे वाचन वजा करणे आणि उपवासानंतर पुन्हा रक्त मागवणे हे बिनखर्चाचे उपाय त्याच्या हाती असतात. उपवासाविषयी युरोपीय तज्ज्ञांनी २०१६ साली दिलेली शिफारस अशी की मेदाच्या चाचण्यांसाठी उपवास सरसकट आवश्यक नाही. मात्र खाल्ल्यानंतरच्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड ४४० मिलिग्रॅमच्या पुढे आल्यास उपाशीपोटी ती चाचणी पुन्हा करण्याचा विचार व्हावा.